फाडायचं कार्ड

सकाळी चहा घेताना फोनवर वसंताचं नाव उजळलं. वाटलं, या आमच्या मित्राची नेहमीची कुरकुर असणार. पण त्याच्याच फोनवरून त्याच्या मुलाने कळवलं होतं, "काका, बाबा पहाटे गेले."

आमच्याकडे मरणाचं कार्ड वाचलं की लगेच फाडायचे. घरात ठेवायचे नाहीत. आता ही मेली काच फाडायची कुठून? तो निरोप पुसायला गेलो आणि वसंताचं सगळंच पुसलं गेलं. त्याच्या शिव्या, खोकत खोकत म्हणून पाठवलेली नाट्यपदं, सगळं.

सून हळूच म्हणाली, "बाबा, ते आता परत नाही यायचं."

पूर्वी कार्ड फाडलं, तरी माणसाची जुनी पत्रं खुंटीवरच्या तारेत ओवलेली राहायची.