मामाच्या मशीनमधलं पाणी

मामा-मामीबरोबरच्या जहाजाच्या सहलीत दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, मामाच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. फोन माझ्याकडे होता. इंटरनेटचं पॅकेज एकाच फोनवर घेतलं होतं आणि फोटो काढायचे ते "आमच्या इंजिनियर"नेच, असा मामाचा हुकूम होता. माझा डिप्लोमा आहे, मी इंजिनियर नाही, हे त्याला सांगून सांगून मी थकले आहे.

मेसेज दुकानातून होता. मामाचं बत्तीस वर्षांचं बॅटरीचं दुकान आहे, आणि त्यातली वीस वर्षं एकच भागीदार त्याच्यासोबत आहे. मामाच्या प्रत्येक शर्टाला मोहरीएवढी भोकं आहेत, ॲसिडचे शिंतोडे उडून पडलेली. मामी म्हणते, नवरा कपाटात ओळखू येतो.

भागीदार नेहमी घाईत बोलतो. या वेळी तो सावकाश बोलत होता, म्हणूनच मी मेसेज पुन्हा ऐकला. सकाळी त्याने एका गिऱ्हाइकाच्या नव्या बॅटरीत ॲसिड भरलं. बॅटरी काही केल्या उठेना, चार्जच होईना. तपासलं तर आत नुसतं पाणी. नळाजवळ दोन कॅन होते, एक ॲसिडचा, एक डिस्टिल्ड वॉटरचा, दोन्ही सारखे पांढरे. त्यांच्या दुकानात कॅनवर नाव लिहायची पद्धत नाही. पाण्याच्या कॅनच्या मानेला दोरी बांधायची, ॲसिडचा मोकळा ठेवायचा. आज दोन्ही मोकळे होते.

शेवटी तो म्हणाला, "दादा, निघताना तू बाटली कुठल्या कॅनमधून भरलीस? लगेच सांग."

ती बाटली मामाच्या मशीनसाठी होती. झोपेत मामाचा श्वास अडकतो. तपासणीत तासाला चाळीस वेळा अडकल्याचं निघालं, तेव्हापासून तो सीपॅप लावून झोपतो. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवा ढकलणारं छोटं यंत्र. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्रात पाण्याची टाकी असते, तिच्या खाली गरम होणारी पत्र्याची चकती. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जहाजाच्या फॉर्मवरही पाणी लागणार का असा रकाना होता. जहाजवाले ते देणार होते. मामा हसला होता. ज्याच्या दुकानातून अर्धं गाव हे पाणी नेतं, त्याने ते दुसऱ्याकडे मागायचं?

आणि दुपारच्या झोपेलासुद्धा मशीन लावायचं, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं. मामा पंचवीस मिनिटांपूर्वी केबिनमध्ये झोपायला गेला होता.

मी पळाले. लिफ्टसमोर रांग होती म्हणून जिन्याने चार मजले उतरले. जहाजाचे पॅसेज सगळे एकसारखे, तोच गालिचा, तेच दिवे. मी एकदा चुकीच्या बाजूला वळून परत आले. पळताना डोक्यात हिशेब चालू होता. सल्फ्युरिक ॲसिडची पाण्यासारखी वाफ होत नाही, म्हणजे हवेत फारसं जाणार नाही. पण चकतीचा पत्रा ॲसिडला टिकेल का, आणि त्यातून काय बाहेर पडेल, ते मला ठाऊक नव्हतं. शिवाय काल रात्रीही त्याने मशीन लावलं होतं, आणि आज सकाळपासून तो खोकत होता. एसीमुळे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

दार बंद. मी दोन्ही हातांनी ठोकलं. आतून यंत्राचा बारीक आवाज येत होता, दुसरं काही नाही. केबिन आवरणारा माणूस आपली ढकलगाडी सोडून आला, माझ्या तोंडाकडे बघून त्याने काही विचारलं नाही आणि आपल्या किल्लीने दार उघडलं.

मामा कुशीवर झोपला होता. मी मास्क ओढून काढला. तो दचकून उठला आणि खोकायला लागला, आणि मी यंत्राचं बटण बंद केलं.

त्याला मेसेज ऐकवला. ऐकताना तो आधी चिडला, मग पुन्हा लाव म्हणाला. निघताना दुकानाबाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, असं मामा आठवून आठवून सांगत होता. मशीनची नळी बॅगेत सुटत होती. बांधायला काही सापडेना, म्हणून हाताशी होती ती पाण्याच्या कॅनची दोरी कापली.

"बाटली आधी भरलीस की दोरी आधी कापलीस?" मी विचारलं.

त्याला आठवेना. बत्तीस वर्षांत कुठल्या गाडीत कुठली बॅटरी घातली ते सांगणारा माणूस पलंगाच्या कडेवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

तेवढ्यात मामी आली. तिला सगळं दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. मामा म्हणाला, डॉक्टर पहिलं विचारणार की छातीत काय गेलं, त्याला काय सांगू? आधी ते कळू दे. त्याने बाटली उचलून पाहिली. ॲसिड पाण्यापेक्षा जड असतं. पण बाटली अर्धीच होती आणि जहाज हलत होतं, वजनाचा अंदाज येईना.

"अंडं मिळेल का?" त्याने विचारलं. "ॲसिडात तरंगतं. पाण्यात बुडतं."

मामीने केबिनमधला छोटा फ्रिज उघडला. संध्याकाळच्या भुकेला म्हणून तिने नाश्त्याची दोन उकडलेली अंडी टिशूत गुंडाळून आणली होती. एरवी मामाने यावर तिला दिवसभर छेडलं असतं.

मी दोन ग्लास घेतले. एकात नळाचं पाणी, एकात बाटलीतलं. तुलनेला काही नसेल तर दिसलेल्याचा अर्थ लावता येत नाही, एवढं डिप्लोमाने शिकवलंय. मामाने बाटलीच्या ग्लासात अंडं चमच्यावरून सोडलं.

अंडं तळाला गेलं. मग त्याच्या कवचावर बारीक बुडबुडे दिसायला लागले.

मामाने माझ्याकडे पाहिलं. ॲसिडात कवच फसफसतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मामीने त्याचा दंड धरला. माझ्या हातातलं दुसरं अंडं मी नळाच्या पाण्यात सोडलं. तेही बुडालं, आणि त्याच्यावरही तसेच बुडबुडे आले. कवचातली हवा. आम्ही तिघं वाकून दोन्ही ग्लासांकडे बघत राहिलो. एकेक बुडबुडा वर जाऊन फुटला. नवे आले नाहीत, इकडेही नाही, तिकडेही नाही.

"पाणी आहे," मामा म्हणाला, आणि पुन्हा पलंगावर बसला.

भागीदाराला फोन लावला. तो माफी मागायला लागला तसं मामाने त्याला थांबवलं. चूक तुझी नाही, दोरी मी कापली, असं म्हणाला. गिऱ्हाइकाची बॅटरी बदलून दे, दोन्ही कॅन ओत, आणि रंग आणून कॅनवर नावं लिही. भागीदार म्हणाला, तुला तर लिहिलेलं आवडत नाही. मामा म्हणाला, मोठ्या अक्षरांत लिही.

मामीने बाटली उचलली आणि बेसिनमध्ये रिकामी केली. शेवटचा थेंबसुद्धा झटकला.

"अगं, ते पाणीच होतं," मामा म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "मशीन येईपर्यंत वर्षभर तुमचा श्वास मोजत जागले मी. आता अंडी बुडवत जागायची नाही."

जहाजाच्या दवाखान्यात तिनेच त्याला नेलं. छाती साफ निघाली; खोकला एसीचाच होता. डॉक्टरने सीलबंद बाटली दिली आणि सहज विचारलं की धंदा काय करता. मला वाटलं, मामा नेहमीसारखी बत्तीस वर्षांची कहाणी सुरू करील.

"बॅटरीचं दुकान आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "डब्यांवर नाव न लिहिणारं."