सगळे नळ उघडा

पाण्यावर इतका अविश्वास असलेला माणूस आमच्या आतोबांखेरीज अख्ख्या गिरगावात सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पंपांच्या कंपनीतून निवृत्त झाले, पण नळाचं प्रेशर मोजायचं पितळी गेज काही सुटलं नाही. ते कापडी पिशवीत घालून हा गृहस्थ जाईल तिथे मिरवायचा. कोणाकडे चहाला गेले तरी आधी मोरीत शिरणार, नळाखाली बादली ठेवून घड्याळ लावणार आणि ती भरायला किती सेकंद लागले हे घरच्या बाईंना असं ऐकवणार, जणू दोष त्यांचाच. माझ्या लग्नात वऱ्हाड दारात उभं असताना हे हॉलच्या नळाला गेज लावून बसले होते. “सव्वा किलोच प्रेशर आहे. पंगती लवकर उरका,” एवढाच आशीर्वाद आम्हाला मिळाला. मला त्यांची मनापासून चीड यायची.

त्यात आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत, घरोघरच्या नळांच्याच लाइनीवर, हायड्रंट म्हणजे आग विझवायला होजपाइप जोडायचा मोठा नळ बसवायचं ठरलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून आई जिना उतरलेली नाही, म्हणून सगळ्यांत जास्त घाई मला. चाचणीला कंत्राटदाराचे इंजिनीअर सकाळी पाण्याच्या वेळेला आले. साहेब मोजायला आलेत म्हणून चाळीने अदबीने घरोघरचे नळ बंद ठेवले. काटा अडीच किलोवर गेला. साहेबांनी आकडा लिहून घेतला, चहा आला, आणि न बोलावता आलेले आतोबा अंगणात किंचाळले, “सगळे नळ उघडा!”

“आतोबा, शोभा करू नका,” मी गॅलरीतून ओरडलो.

“आग लागली की लोक नळ बंद करून अदबीने बसणार आहेत का रे? जो तो बादल्याच भरणार! आणि तू तिथून हात बाहेर काढ. पाणी हाताला लागलं की सांग.”

म्हातारा एकदाचा गप्प बसावा म्हणून लोकांनी नळ उघडले. मीही शेजाऱ्यांना डोळा मारत हात बाहेर काढला. काटा अर्ध्या किलोवर आला. होजपाइपातली धार पहिल्या मजल्याच्या कठड्यापर्यंत चढली आणि तिथूनच खाली वळली. माझा हात कोरडा. मागे खुर्चीत आई बसली होती. तेव्हा वाटलेली लाज मी आतोबांना कधी सांगितली नाही.

मग हायड्रंटला रस्त्यावरच्या मोठ्या लाइनीतून पाणी घ्यायचं ठरलं. परवानग्यांत वर्ष गेलं, आणि त्याच वर्षात आतोबाही गेले. गेज आत्याने माझ्या हातात ठेवलं.

परवा पुन्हा चाचणी झाली. साहेब येताच चाळीने पुन्हा अदबीने नळ बंद केले, आणि मी अंगणातून किंचाळलो, “सगळे नळ उघडा!” लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या चांगली ओळखीची होती. तीन जिने धावत चढलो, गॅलरीतून हात बाहेर काढला. धार वर आली. तळहात भिजला, आईच्या पदरावर शिंतोडे उडाले, ती लहान मुलीसारखी हसली.

“लागलं, आतोबा!” असं ओरडायला मी खाली वाकलो. अंगणात साहेब तेवढे उभे होते, आकडा लिहून घेत.