चांगल्या गाठी

डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या आईला कोण सांगतं? तुम्हीच ना? मग तिच्या कानावर पडतं ते डॉक्टरांचं असतं की तुमचं?

माझे वडील माधवनगरला गिरणीच्या दारात पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यांच्यावरचं ‘मुळावर घाव घाला’ हे वाक्य मला आईच्या हाकेइतकं ओळखीचं. आई यंत्रमागावर कामाला. धागा तुटला की बघता बघता गाठ मारून माग सुरू करायची.

तिच्या स्तनाच्या कॅन्सरची केमो संपली, तेव्हा मी साताऱ्याहून एसटीनं सांगलीच्या दवाखान्यात गेले. तपासणी झाली. आई पडद्यामागं ब्लाऊज घालत होती. डॉक्टर मला म्हणाले, “काखेतल्या नोड्समध्ये आधी आजार होता. आता सोनोग्राफीत दिसत नाही. ऑपरेशनमध्ये आधी तीन-चार काढून तपासू, स्वच्छ निघाल्या तर तिथंच थांबू. सगळ्या काढल्या तर हात सुजायची भीती जास्त. आईंना विचारा.”

आई बाहेर आली. “काय म्हणत्यात गं?”

“काखेत गाठी आहेत. थोड्या काढायच्या का सगळ्या, विचारतायत.”

“गाठी हायत तर थोड्या कशाला ठिवायच्या? साप निघाल्यावर शेपूट घरात ठिवून कोण झोपतंय?”

मला ते वाक्य फार आवडलं. पत्रकाच्या मथळ्याला शोभेल असं. नोड म्हणजे रोगाची गाठ नव्हे, रोगाशी लढणाऱ्या छोट्या ग्रंथी, त्या प्रत्येकाच्याच काखेत असतात, हे मला ठाऊक होतं. हाताचं तर आत्ताच ऐकलं होतं. तरी मी गप्प बसले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा आम्ही दोघी एकदमच म्हणालो, “सगळ्या.”

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला. काखेतल्या एकाही गाठीत आजार नव्हता. आईनं आधी हात जोडले. मग थबकली. “मग काढलं काय?”

तेव्हा मी सांगितलं. सगळं.

“म्हंजे चांगल्या व्हत्या व्हय? मोर्च्यात तर माईक सोडत न्हाईस. हितं दोन वाक्यं जड झाली?”

ती हसली. मला हसता आलं नाही.

आता तिचा उजवा हात सुजतो. बांगड्या फक्त डाव्या हातात. मागावर धागा तुटला की बोटांत धरवत नाही. शेजारची बाई येऊन गाठ मारून जाते. थोड्याच काढल्या असत्या तर सूज आलीच नसती, असं डॉक्टरही ठामपणे म्हणत नाहीत. मला त्या वाक्यामागं लपायचं नाही. हात तिचा होता, आणि तो पणाला लागलाय हे मी तिला कळूच दिलं नाही.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर थोड्या तपासून थांबता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण आई पडद्याबाहेर येईपर्यंत थांबा. तिला समोरच्या खुर्चीत बसवा, आणि डॉक्टरांना तिच्याकडे बघून बोलायला सांगा.