मिसरी सोडलेल्या मावशी

आमच्या आरोग्य खात्याच्या कचेरीत झाडायला येणाऱ्या मावशी खुर्च्याटेबलांशीही बोलत. नुकत्याच आलेल्या कॉम्प्युटरलाही त्या "सरक बाबा, किती फुगलास!" म्हणून दटावत. मिसरीने दात काळे झालेले, म्हणून हसताना तोंडावर पदर धरत.

मी घरातला पहिला पदवीधर. नीट समजावलं की माणूस वाईट सवय सोडतो, अशी माझी श्रद्धा होती.

"मावशी, तंबाखू भाजली तरी तंबाखूच. कॅन्सर होतो," मी रोज सांगे.

"भाऊ, तुमचं तोंड दुखत नाय का बोलून बोलून?"

एका सकाळी त्यांनी मिसरीची डबी माझ्या टेबलावर ठेवली. "घ्या. सुटली." मी ती कचेरीभर दाखवत फिरलो.

तीन आठवड्यांनी त्या मागच्या पायरीवर बसून पुन्हा दातांना मिसरी घासताना दिसल्या. मी चिडलो. "इतकं समजावून काय उपयोग झाला?"

त्यांनी बोट पदराला पुसलं. "समजलं होतं, भाऊ. पण मिसरी लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाय. सोडली, तर सकाळीच पोटात आग. परवा पोरीच्या डब्यातली भाकर मीच खाल्ली. कशी खाल्ली, माझं मला कळलं नाय. ती तशीच शाळेत गेली, उपाशी."

माझी आईही मिसरी लावायची. कॉलेजात असताना मी तिलाही खडसावलं होतं. गावाहून एसटीने येणारा माझा डबा मात्र एक दिवसही चुकला नव्हता.