टेलेक्सवाल्या बाईंचा सर्व्हर

"आधी काय लिहिलंय ते वाच की, मेल्या!"

स्क्रीनवर काही चूक उमटली की आम्ही "सर्व्हर गेला!" म्हणून बोंब ठोकायचो, आणि रिसेप्शनवरून बाईंचं हे वाक्य यायचं. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल, जिच्याकडे कुणी बघत नाही आणि जिला सगळं ठाऊक असतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. ठाण्यातली आमची छोटी कंपनी दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. बाई मूळच्या टेलेक्स ऑपरेटर. टेलेक्स बंद झालं तसं साहेबांनी त्यांना फोनवर बसवलं. वय बेचाळीस, घर डोंबिवलीला. दुपारभर महिला मासिकात डोकं घालून बसलेल्या असायच्या.

"बाई, कथा फार रंगलीय वाटतं," साहेब म्हणायचे.

मासिकाच्या आत, सर्व्हर ज्यावर चालायचा त्या युनिक्सचं झेरॉक्स केलेलं पुस्तक असायचं. झेरॉक्स मीच काढून दिलेली, ऑफिसच्याच मशीनवर.

एकदा त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं, "मला सर्व्हरचं काम करायचंय. त्यातच पुढे जायचंय."

"बाई, तुम्ही फोन उचला." साहेब हसले. मीही हसलो. वर "या वयात?" असंही म्हणालो. बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझे फोन मात्र चुकीच्या टेबलांवर जोडत राहिल्या.

सर्व्हर सांभाळायला साहेबांचा भाचा होता. डिप्लोमा, गॉगल आणि कमरेला पेजर. रोज सगळ्या वेबसाइट टेपवर उतरवून ठेवायच्या, हे त्याचं काम. ते त्यानं बाईंवर ढकललं. "तेवढी टेप बदलाल ना?" बाईंनी आठ दिवस टेपा बदलल्या आणि नवव्या दिवशी टेपेवर काय आहे ते पाहिलं. काहीच नव्हतं. भाच्यानं कॉम्प्युटरला दिलेली आज्ञाच चुकीची लिहिलेली. बाईंनी ती गुपचूप दुरुस्त केली. ऑफिसच्या कपाटाला ओल यायची, म्हणून टेपा घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवू लागल्या.

मग एका शुक्रवारी, डिस्कवर जागा करताना, भाच्यानं गिऱ्हाइकांचं अख्खं फोल्डर उडवलं. केबिनमध्ये साड्यांचे एक व्यापारी आपली वेबसाइट बघायला येऊन बसलेले. भाचा पांढराफटक. सारखा पेजर काढून बघत होता, जणू त्याच्यावर उत्तर येणार होतं.

बाईंनी घरी फोन लावला. यजमानांची दुसरी पाळी होती, म्हणून ते अजून घरीच होते. "अहो, तांदळाच्या डब्यात कॅसेटी आहेत. कालची घेऊन या, पटकन."

तासाभरात यजमान डबाच घेऊन हजर, तांदळासकट. "कालची कुठली ते कळेना," म्हणाले.

बाई भाच्याच्या खुर्चीत बसल्या. बाहेर फोन खणखणत राहिला. "अरे, कुणीतरी उचला!" साहेब ओरडले. कुणी हललं नाही. शेवटी साहेब स्वतःच रिसेप्शनवर जाऊन बसले.

व्यापाऱ्यांच्या तिसऱ्या चहाला साड्या स्क्रीनवर आल्या. तेव्हा कुठे बाई खुर्चीत मागे टेकल्या. मी पाणी दिलं.

"हसलास ना रे त्या दिवशी?" त्या म्हणाल्या.

सोमवारी साहेबांनी त्यांना हुद्दा दिला, सहायक.

"कुणाची? याची?" बाईंनी भाच्याकडे बोट केलं.

"घरचा आहे हो," साहेब म्हणाले.

महिन्याभरात बाईंनी राजीनामा दिला. दुसरीकडे मुलाखत झालेली.

"टेपा कुठे ठेवायचात, असं विचारलं त्यांनी. सांगितलं," बाई म्हणाल्या.

"हसले?"

"नाही रे. लिहून घेतलं."

दोनेक वर्षांनी डोंबिवलीच्या बाजारात त्यांचे यजमान भेटले. हातात मेथीची जुडी.

"बाई कशा आहेत?"

"ती बंगळूरला असते. मी जातो अधूनमधून." मग त्यांनी जुडी काखेत धरली, खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. बाईंचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच वाचत होतो. खाली लिहिलेलं, सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेटर.

मी कार्ड खिशात टाकणार, तोच त्यांनी हात पुढे केला.

"परत द्या हं. एकच आहे."