चर्चच्या खोक्यातून

साकुब्वा वस्तीतल्या बिअर गार्डनमध्ये रेगाईचा बेस सुरू झाला की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातला आरसा थरथरायचा. न्हावी मशीन बंद करून क्षणभर थांबायचा आणि खुर्चीतलं गिऱ्हाईकही तक्रार करायचं नाही. तो आवाज कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. जड, घोगरा, बाजेखाली बैल रवंथ करत बसलाय असा तो बेस. मुतारे शहरात बेस वाजवणारे पुष्कळ होते, पण असा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता.

रेगाई मुझ्विदझिवा आठवडाभर बाजारात दारांच्या चौकटी करायचा आणि शनिवारी दुपारी वाजवायचा. तरुणपणी तो डोंगरातल्या लाकडाच्या गिरणीत होता. तिथे एकदा करवतीने डाव्या हाताचा पंजा सोलला. जखम भरली, बोटं शाबूत राहिली, म्हणून त्याने देवाचे आभार मानले आणि गिरणी सोडून बेस गिटार धरली. कुळाने तो सिंहवाला, म्हणून बँडमधले त्याला ‘शुंबा’ म्हणत. नावातच काय तो सिंह होता. माणूस इतका गप्प, की गाण्यांच्या मधल्या वेळात लोक त्याला विसरून जात.

बँड नोरेस्टचा होता. नोरेस्ट गायचा, गिटार वाजवायचा, भांडायचा, समजूतही तोच काढायचा. स्वतः बसायचा नाही आणि दुसऱ्याला बसू द्यायचा नाही.

तर एका गुरुवारी तालीम चालू असताना वीज गेली. गेली ते ठीक, पण परत आली ती अशी दणक्यात, की रेगाईच्या अ‍ॅम्पमधून एक हुंदका आला, मागून धूर निघाला आणि खोलीभर जळक्या रबराचा वास पसरला. रेगाई प्लग ओढून तसाच उभा राहिला. तो अ‍ॅम्प त्याच्याकडे इतकी वर्षं होता, की तो बिघडू शकतो हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

बाजारामागे न्याकुद्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शुक्रवारी सकाळी रेगाई अ‍ॅम्पचं खोकं घेऊन तिथे गेला. न्याकुद्याने मागची फळी काढली, आत नाक घातलं आणि सांगितलं की ट्रान्सफॉर्मर गेला. तो नव्याने गुंडाळायला हरारेला पाठवावा लागेल, उद्याचं तर नावच काढू नको. मग त्याने पुढची जाळी काढली आणि थबकला.

“हा कागद कधी फाटला?”

“कुठला कागद?” रेगाईने विचारलं.

न्याकुद्याने स्पीकर उजेडाकडे वळवला. त्याच्या तोंडावरचा काळा कागद कडेपासून मध्यापर्यंत उभा फाटला होता. सहज हात आत जाईल एवढी फट होती आणि तिच्या कडांवर धूळ जमून घट्ट झाली होती.

“हे कालचं नाही,” न्याकुद्या म्हणाला. “हे जुनं आहे.”

“पण वाजत तर होता.”

“वाजत होता हे खरं. काय वाजत होतं ते देव जाणे.”

रेगाई घरी निघाला तो याच विचारात. कागद फाटला होता, तर मग तो बैल कोण होता? तो आवाज आपल्या हातातला, की त्या फटीतला? परत जाऊन न्याकुद्याला विचारावं असं त्याला दोनदा वाटलं, पण विचारायचं काय ते नीट सुचेना.

दुपारभर शोधाशोध झाली. चिकांगातल्या बँडकडे चांगला अ‍ॅम्प होता, पण तो बँड अ‍ॅम्पसकट चिपिंगेला लग्नाला निघाला होता. शाळेतला अ‍ॅम्प कुलपात आणि मुख्याध्यापक गावी. नोरेस्टने बेसची वायर गाण्याच्या स्पीकरला लावून पाहिली, तर रॉकेलचा रिकामा डबा बडवल्यासारखा आवाज आला. मग तो म्हणाला की उद्यापर्यंत काही जमलं नाही, तर कीबोर्डवाल्याला डाव्या हाताने बेस वाजवायला सांगू. तो हे रागाने बोलला नाही, सोय म्हणून बोलला. रेगाईला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी ताटातला मक्याच्या पिठाचा सादझा आणि सुकट तशीच राहिलेली पाहून बायकोने काय झालं ते विचारलं. तिला सगळे माई रूदो म्हणत, रूदोची आई म्हणून. रूदो हरारेला नर्स आहे. माई रूदो चर्चच्या महिला मंडळात होती, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून दर गुरुवारी प्रार्थनेला जाणारी. ती कधी बिअर गार्डनला गेली नव्हती आणि रेगाई चर्चला जात नव्हता. हे दोघांत कधी ठरलं, की आपोआपच होत गेलं, हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या चर्चमध्ये आहे एक. नवाच आहे.”

“चर्चचं खोकं बिअर गार्डनला देणार कोण?”

“तुम्ही जेवा.”

शनिवारी सकाळी ती कुठे गेली हे त्याला कळलंच नाही. परतली तेव्हा मागून एक हातगाडी येत होती आणि गाडीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं खोकं होतं, दोरीने आवळून बांधलेलं. रेगाई हातातलं चौकटीचं लाकूड खाली ठेवून बाहेर आला.

“पाळकांना काय सांगितलंस?”

“नवऱ्याचं काम अडलंय म्हणून सांगितलं.”

“आणि वाजणार कुठे, ते?”

“ते त्यांनी विचारलं नाही. खोक्याजवळ कोण बसणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी बसेन.”

रेगाईला वाटलं ती थट्टा करतेय. पण दुपारी तो निघाला तेव्हा ती गाडीबरोबर चालू लागली. अंगावर साधा फुलाफुलांचा झगा, डोक्याला रुमाल आणि हातात विणकाम. बिअर गार्डनमध्ये तिने एक रिकामा क्रेट उलटा केला, अ‍ॅम्पला लागून ठेवला आणि वर बसली. कुणीतरी तिला ओळखलं. मंडळाची बाई इथे आली म्हणजे प्रवचन होणार, अशी कुजबुज टेबलाटेबलावरून फिरली. एका म्हाताऱ्याने बिअरचा डबा खुर्चीमागे लपवला आणि टोपी काढून तिला नमस्कार केला. तिनेही केला आणि सुया चालवू लागली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि रेगाई दचकला. बैल नव्हताच. एकेक सूर वेगळा, धुऊन पुसून ताटात मांडल्यासारखा येत होता. इतका स्वच्छ, की आपण एरवी एवढे सूर वाजवतो याचंच त्याला नवल वाटलं. आणि तेवढ्यात एक सूर आलाच नाही. तिथे नुसतं टक् झालं.

वायर सैल असेल, असं त्याला वाटलं. वाजवता वाजवता पायाने त्याने प्लग दाबला. दुसऱ्या कडव्यात त्याच जागी पुन्हा टक्. तार गेली की काय? तार ठीक होती. मग त्याने मान खाली घालून बोटांकडे पाहिलं. डाव्या हाताचं तिसरं बोट, गिरणीत सोललेल्या हाताचं, तारेपर्यंत पोचत होतं, टेकत होतं, पण दाबत नव्हतं. तो दाबतोय असं त्याला पक्कं वाटत होतं. बोटाला ते माहीतच नव्हतं. जुन्या खोक्यात हे टक् त्या घोगऱ्या गुरगुरीत मिसळून जात असणार. किती दिवस? किती वर्षं?

आता नोरेस्ट वळून बघणार, हे तो जाणून होता. नोरेस्ट वळला, आणि हसला. भुवई उडवून पुन्हा लोकांकडे फिरला. तिसऱ्या गाण्यापर्यंत ढोलवाल्याने त्या रिकाम्या जागेत एक हलका ठोका टाकायला सुरुवात केली होती. नाचणारे लोक तिथे पाय उचलायचे, अधांतरी धरायचे आणि पुढच्या सुरावर टाकायचे. आपण कशाच्या मध्ये उभे आहोत, हे रेगाईला कळेना.

मध्यंतरात नोरेस्ट त्याला बाजूला घेऊन गेला.

“शुंबा, आज तू काय चालवलंयस? जागा सोडतोयस मध्ये. इतकी वर्षं असं का नाही वाजवलंस?”

“अ‍ॅम्प वेगळा आहे,” रेगाई म्हणाला.

“अ‍ॅम्प जागा सोडत नाही, माणूस सोडतो. तसंच ठेव. पुढच्या महिन्यात गाणं रेकॉर्ड करू, तेव्हाही हेच.”

बोटाचं सांगायला रेगाईने तोंड उघडलं, पण नोरेस्ट तोवर कीबोर्डवाल्याशी भांडायला गेला होता. इतक्यात रस्ता ओलांडून न्हावी आला. त्याचा चेहरा काळजीचा होता. आरसा हललाच नाही, म्हणाला. मला वाटलं तुम्ही आजारी आहात आणि दुसराच कुणी वाजवतोय. रेगाईने त्याला मी बरा आहे असं सांगितलं. सांगताना स्वतःलाच खात्री वाटली नाही.

उत्तरार्धात त्याने ठरवलं की नोरेस्टला हवं ते मुद्दाम द्यायचं. जागा आली की बोट उचलायचं. जागा आली, त्याने बोट उचलायचा विचार केला आणि नेमकं त्याच वेळी बोट टेकलं, दाबलं आणि सूर खणखणीत वाजला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. नोरेस्टने कपाळाला आठ्या घातल्या. रेगाईने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी कंटाळून त्याने विचार करणं सोडून दिलं आणि जागा आपली आपण परत आली.

ऊन उतरायच्या आत कार्यक्रम संपला. माई रूदोने अ‍ॅम्प चादरीच्या टोकाने पुसला, त्यावर कुणी काही सांडलं नाही ना ते चारी बाजूंनी पाहिलं आणि दोरी बांधली. हातगाडीवाला पुढे, हे दोघं मागे, असे घराकडे निघाले. टेकडीच्या चढावर रेगाई म्हणाला,

“माझं एक बोट लागत नाहीये.”

“तिसरं ना?” ती म्हणाली.

तो थांबला. गाडी पुढे गेली.

“तुला कसं माहीत?”

“तुम्ही घरी वायर न लावता वाजवता तेव्हा मी भाजी निवडत शेजारीच असते की. तारा हळू वाजतात आणि मध्ये एका जागी नुसतं टक् होतं. बरीच वर्षं झाली त्याला.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? तुम्ही म्हणायचात, सराव करतोय. मला वाटलं, त्याचाच सराव आहे.”

रेगाईला हसावं की रागवावं समजेना. मग त्याने विचारलं की आज तिला कसं वाटलं. इतक्या वर्षांत हे विचारायची वेळच आली नव्हती.

“सुरुवातीला छातीत धडधडलं,” ती म्हणाली. “क्रेटसुद्धा हलत होता. मग लक्षात आलं, हे तर आपल्या पडवीतलंच आहे, नुसतं मोठं केलेलं. मग मी आपली विणत बसले.”

रविवारी सकाळी तो स्वतः खोकं पोचवायला गेला. पाळकाने कसं वाजलं ते विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “फार स्वच्छ आहे.” पाळकाला ती स्तुती वाटली.

हरारेहून ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा न्याकुद्याने स्पीकरला नवा कागद लावू का म्हणून विचारलं. रेगाई लाव म्हणाला. कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला आणि राहू दे म्हणाला. तोवर न्याकुद्याने जुना कागद काढून टाकला होता. त्यामुळे आता ते खोकंही स्वच्छ वाजतं. आरसा कधी हलतो, कधी नाही.

गाणं रेकॉर्ड झालं. ते रेडिओवर लागतं तेव्हा लोक त्या रिकाम्या जागेचं कौतुक करतात. रेगाईने शेवटी नोरेस्टला बोटाचं खरं काय ते सांगितलं. नोरेस्ट ऐकून इतका खूश झाला, की शुंबा किती नम्र माणूस आहे बघा, मोठेपणा बोटावर ढकलतो, असं त्याने चार ठिकाणी सांगितलं. मग रेगाईने तो विषय सोडला.

रूदो सुट्टीवर आली तेव्हा तिने बापाचा हात चेपून पाहिला आणि सांगितलं की जुन्या जखमेत नस दुखावलेली आहे. रोज चेंडू दाबायचा व्यायाम केला तर बोट पुष्कळ सुधारेल. चेंडूही तिनेच आणून दिला. सोमवार-मंगळवारी रेगाई तो इमानाने दाबतो. शनिवार जवळ आला की फडताळात ठेवून देतो. माई रूदोने एकदा विचारलं, की तुम्हाला ते बोट बरं व्हायला हवंय की नकोय? तो हाताकडे बघत म्हणाला की त्याचाच विचार चाललाय.