नववी पिन

दवाखान्याच्या जिन्याखाली, खिडकी नसलेल्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे पिनमामा म्हणत. सव्वाशे-दीडशे कॉम्प्युटर त्याच्या जिवावर चालायचे. प्रत्येक पडद्यामागे ती जाड, निळ्या तोंडाची वायर. आत केसाएवढ्या पिना, दोन्ही अंगांना दोन स्क्रू. कुणी घाईत वाकडी खुपसली की पिन मुडपायची आणि पडद्याला कावीळ व्हायची. मग मामाला बोलावणं. तो खिशातून टोक कापलेली रिफिल काढायचा, तिच्या पोकळीत पिन धरायचा आणि श्वास रोखून सरळ करायचा. वर दोन्ही स्क्रू बोटांनी आवळायचा. "स्क्रू आवळल्याशिवाय वायर लागली म्हणू नये," हे त्याचं पालुपद.

भाचा त्याच्याच घरात वाढला. बहीण लवकर गेली, मेहुण्यानं दुसरा घरोबा केला, पोरगं मामीच्या ताटात जेवून मोठं झालं. कॉलेजात असताना सुट्टीत मामाच्या हाताखाली बसायचं. एकदा वायर घेऊन आलं, "मामा, पंधरा भोकांना चौदाच पिना. एक तुटलीय." मामाची हसता हसता पुरेवाट झाली. "अरे शहाण्या, मधल्या ओळीतली नववी जन्मताच नसते. काम नाही तिला, म्हणून कारखानावाले घालतच नाहीत." पुढं कित्येक वर्षं, चारचौघांत भाच्याची ओळख करून देताना मामा हा किस्सा सांगायचाच. भाचा तेवढ्यापुरता हसायचा.

तोच भाचा शिकून-सवरून त्याच दवाखान्यात कॉम्प्युटर विभागाचा साहेब झाला आणि वर्षाच्या आत नवे पडदे आले. त्यांना चपटी, बोटभर तोंडाची वायर. ना पिना दिसत, ना स्क्रू. नुसती ढकलायची, की बसली. जुन्या एकशे चाळीस वायरी मामाच्या खोलीत येऊन पडल्या. पण दवाखान्याचा नियम असा, की चालू माल भंगारात काढायचा नाही. मामा निर्धास्त होता. एक दिवस भाच्यानं फाइल पुढं सरकवली.

'एकूण वायरी १४०. प्रत्येकीची नववी पिन तुटलेली. वापरू नयेत.' खाली 'तपासणारा' म्हणून सहीला जागा.

मामानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"लिहावं लागतं, मामा."

"ती पिन नसतेच, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. म्हणून तर सुचलं."

मामा हळूच म्हणाला, "एक्स-रेच्या मशीनला जुनंच तोंड आहे. चार तरी ठेव."

"ठेवल्या तर यादी खोटी ठरेल."

"आता काय खरी आहे?"

भाच्यानं पेनाचं टोपण काढून पेन त्याच्यासमोर ठेवलं. "तुमच्या नोकरीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. वाढीचं पत्र मीच पाठवायचंय. मामीला विचारून या हवं तर."

मामीला विचारायची गरजच नव्हती. "अहो, त्या वायरी काय तुमच्या लेकी आहेत?" ती भांडी घासता घासता म्हणाली. "या वयात दुसरं कोण ठेवून घेणार तुम्हाला? भाच्याशी वाकडं घेऊ नका. करा सही आणि मोकळे व्हा."

मामानं सही केली. मोकळा मात्र झाला नाही. भंगाराचा ट्रक भरायच्या आधी त्यानं एक धडधाकट वायर गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. मुदतवाढ मिळाली. रिकाम्या खोलीत तो वर्तमानपत्र वाचत बसायला लागला.

दोन महिन्यांनी एक्स-रेच्या खोलीत औषधांच्या ट्रॉलीचं चाक वायरीवरून गेलं आणि पडदा काळा पडला. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली. कडेला एक म्हातारी, मनगट सुजून टम्म, पदरात धरलेलं. मामा पिशवीतली वायर घेऊन जवळजवळ पळतच गेला. कितीतरी दिवसांनी कुणी बोलावलं होतं.

एक्स-रेवाल्या बाई कामाला चोख. त्यांनी वायर हातात घेतली, उजेडाकडं धरून पिना मोजल्या. "मामा, यात नववी नाही."

"ती नसतेच, बाई. कधीच नसते."

बाईंनी भिंतीवरचा कागद दाखवला. वायरींच्या त्या यादीची प्रत्येक विभागाला प्रत गेली होती. "ही सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं लिहिलंत, का आता खोटं बोलताय?"

तेवढ्यात भाचा आला. त्यानं वायर पाहिली, मामाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं.

"सांग ना बाईंना," मामा म्हणाला. चारचौघांत तो भाच्याला साहेब म्हणायचा, आज विसरला.

"कागदात आहे तेच खरं," भाचा बाईंना म्हणाला. "लावू नका. नव्या मशीनची मागणी टाकतो. पेशंटना दुसरीकडं पाठवा."

तो गेल्यावर बाई नरमल्या. "मनाला लावून घेऊ नका, मामा. वय झालं की नजर चुकते."

मामा वायर गुंडाळत बाहेर आला. बाकं रिकामी होत होती. म्हातारीला उठवायला सुनेनं हात दिला होता. म्हातारीनं मामाच्या हातातली वायर बघितली.

"झालं का रं दुरुस्त, बाबा?"

मामा थांबला. बोटं सवयीनं स्क्रूवर गेली.

"नाही, आजी," तो म्हणाला. "पिन तुटलीय."